माझ्या वहीतलं ऑर्कांचं गाव

त्या वर्षातल्या शनिवारच्या दुपारी मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्या आठवतात. सिल्वासाच्या आमली भागातल्या एका सोसायटीचा दुसरा मजला. खिडकीला हिरवा पडदा, त्यातून झिरपणारा हिरवट उजेड, आणि लांबवरच्या कुठल्यातरी कारखान्याची घरघर. ती एवढी सवयीची होती की थांबली तरच कानाला कळायची. त्या उजेडात आम्ही चार जण फरशीवर चटई टाकून बसायचो आणि कुठेच नसलेल्या एका जंगलातून चालत राहायचो.

त्या जंगलात माझ्या हातून एक चूक झाली, आणि कॉलेजातला माझा एकुलता एक मित्र मी जवळजवळ गमावला. तेवढ्यासाठीच हे लिहितो आहे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. बाबा सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. शाळा मराठीतून झाली होती, आणि वापीच्या कॉलेजात सगळं इंग्रजीत आणि गुजरातीत. पहिले तीन महिने मी वर्गात फक्त मान हलवत होतो. माझा मित्र खानवेलच्याही आतल्या एका पाड्यावरचा, वारली. तोही त्याच्या घरातला पहिलाच. सकाळी खानवेलची बस त्याला सिल्वासाच्या स्टँडवर सोडायची, तिथून आम्ही दोघं वापीची बस धरायचो. तो खिडकीशी बसून झोपायचा आणि मी त्याची वही मांडीवर सांभाळायचो. आमची मैत्री अशी झाली. बोलणं नंतर सुरू झालं.

बाबांच्या कारखान्यातले एक इंजिनिअर साहेब नाशिकचे होते. त्यांनी एकदा बाबांना सांगितलं, "पोराला शनिवारी घरी पाठवत जा. माझ्या मुलीकडे अमेरिकेतला कसलातरी खेळ आहे, सगळा इंग्रजीत. तिला खेळायला कोणी नाही. याचं इंग्रजी तरी सुधारेल." त्यांची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला होती आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. मी तिला ताई म्हणायचो. मी एकटा जायला लाजलो, म्हणून मित्राला बरोबर घेतलं. आमचं कॉलेज सुट्टीनंतर सुरू झालं होतं, शनिवारी अर्धा दिवस असायचं आणि त्याची परतीची बस साडेपाचला होती. मधली दुपार मोकळीच.

तो खेळ म्हणजे एक पुठ्ठ्याची पेटी. ताईच्या मामाने अमेरिकेत स्वतः खेळून जुनी झाल्यावर पाठवलेली. कोपरे फाटलेले, आत एक पुस्तक, काही नकाशे आणि विचित्र आकाराचे फासे, एकाला तर वीस बाजू. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. सांगणारा म्हणणार, समोर नदी आहे. आपण म्हणायचं, मी पोहून जातो. मग फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर पलीकडे, लहान आला तर वाहून गेलात.

ताई सांगायची. मी तलवारवाला झालो आणि दर आठवड्याला मेलो. मित्र तिरंदाज झाला. चौथ्या खेळाडू ताईच्या आई, म्हणजे काकू. त्या म्हातारा जादूगार व्हायच्या आणि खेळता खेळता मेथी निवडायच्या.

"मी चहा ठेवून येते," त्या म्हणायच्या. "तोवर कोणी मारामारी करू नका. माझा बुढ्ढा इथे झाडाखाली बसलाय असं समजा."

"काकू, समोरून ऑर्क येतायत," ताई म्हणायची.

"त्यांना सांग, दूध उतू जाईल."

ऑर्क म्हणजे त्या पुस्तकातले शत्रू. माझ्या खिशातल्या डिक्शनरीत तो शब्द नव्हता. ताई म्हणाली, राक्षस समज. मित्राने पुस्तकातलं चित्र बराच वेळ बघितलं. डुकराचं तोंड, सुळे, कमरेला कातडं, हातात भाला. मग म्हणाला, "राक्षस एकटा असतो. हे तर गाव करून राहतात." पण तेवढंच. तो हसला, त्याने फासा टाकला आणि पहिल्याच बाणाला एक ऑर्क आडवा केला. तिरंदाजीत त्याच्यासारखा कोणी नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने किती ऑर्क मारले याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आम्ही सगळेच खूश होतो. ऑर्क मारताना कोणालाच काही वाटायचं नाही, ते त्यासाठीच होते.

सुट्टी संपली. ताईने जाताना पेटी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "आता तू सांग. शब्द अडला तर वाचून बघ, नाहीतर मनाने घाल." मित्र त्या दिवसापासून मला मास्तर म्हणू लागला.

मी ते पुस्तक बसमध्ये, कॉलेजच्या व्हरांड्यात, घरी स्टोव्हशेजारी बसून वाचलं. प्रत्येक प्राण्याची माहिती रकान्यांत होती. उंची, वजन, चाल, हत्यार. त्याच ओळीत एक रकाना स्वभावाचा. ऑर्कांपुढे एकच शब्द: दुष्ट. मी तो उंचीसारखाच वहीत उतरवला. पुढे जंगलातल्या त्यांच्या गावाबद्दल तीन-चार ओळी होत्या. पुरुष इतके, बायका इतक्या, पोरं इतकी, कोणाला मारायला किती घाव लागतील. गाव कसं दिसतं, ते लिहिलंच नव्हतं. ते मला घालायचं होतं.

आणि मला ते चांगलं करायचं होतं. ताईने विश्वासाने दिलेलं काम होतं. पण जंगल मी एकच पाहिलं होतं. पावसाळा संपता संपता मी मित्राच्या पाड्यावर दोन दिवस राहिलो होतो. आयुष्यात इतकी शांत झोप मला कधी लागली नाही. त्या दोन दिवसांतलं सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, धुक्यातून हळूहळू वर येणाऱ्या झाडांसारखं. मी ते लिहीत गेलो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. छपरातून निघणारा धूर. दारातला चपटा दगड, ज्यावर उभं राहून पाय धुवायचे. भिंतीला टांगलेला कामट्यांचा मासे धरायचा सापळा. संध्याकाळी लांब भोपळ्याचा तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती गोल फिरणारे पाय. दोन पानं भरली. मला वाटलं, एवढं चांगलं मी शाळेच्या निबंधातही लिहिलं नव्हतं.

त्या शनिवारी ऊन पडद्यापर्यंतच येऊन थांबलं होतं. काकूंनी वाटाणे सोलायला घेतले होते. मी वाचायला लागलो. तुम्ही दोघं ओढा ओलांडता, समोर ऑर्कांचं गाव. मी भिंती सांगितल्या, धूर सांगितला, तारपा सांगितला.

"किती छान लिहिलंयस रे," काकू म्हणाल्या. "अगदी समोर दिसतंय."

मी मित्राकडे पाहिलं. कौतुकासाठीच पाहिलं असणार. तो मांडीवर हात ठेवून बसला होता.

"चल, तुझी पाळी," मी म्हणालो. "दारात एक ऑर्क उभा आहे. बाण टाकतोस?"

"कुत्रा आहे का तिथे?" त्याने विचारलं.

"आहे ना."

"कसा आहे?"

मी भरात होतो. आठवून सांगितलं. "पिवळट. एक कान तुटलेला."

"कुठला?"

"डावा," मी म्हणालो. तो शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच मला कळलं.

खोलीत काकूंच्या शेंगा फुटण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मित्राने फासा उचलला होता, तो त्याने चटईवर अलगद ठेवला.

"मी बाण नाही मारत," तो म्हणाला.

"मग काय करतो तुझा तिरंदाज?" काकूंनी विचारलं. त्यांना काही कळलं नव्हतं.

"दारात उभा राहतो."

"दाराच्या बाहेर की आत?"

"आत."

"अरे, मग माझ्या मंत्राच्या समोरच येशील की. जळशील."

"जळू दे," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहू लागला. माझ्याकडे तेव्हा वेळ होता. एखादा शब्द पुरला असता. मी पुस्तक उघडलं. खरंच उघडलं, पान शोधलं आणि म्हणालो, "असं नाही करता येत. ऑर्क नेहमी हल्ला करतात. पुस्तकात आहे."

तो उठला. काकूंचा चहा त्याने उभ्यानेच, पण पूर्ण प्यायला. "बसची वेळ झाली," म्हणाला. चार वाजले होते.

सोमवारी तो बसमध्ये मागे जाऊन बसला. मंगळवारीही. भांडण झालं नाही. समोर आलो तर तो मान हलवायचा, वर्गात वही मागितली तर द्यायचा. त्याच्या शेजारी कोणीतरी दुसरंच बसू लागलं होतं. मी पुढच्या सीटवर बसून काचेत मागची सावली शोधायचो. शेतं, विटांच्या भट्ट्या, नव्या कारखान्यांचे पत्रे त्या काचेतून सरकत जायचे आणि त्यांच्यावर त्याचा झोपलेला चेहरा तरंगत असल्यासारखा वाटायचा. कदाचित तो त्याचा नसेलही.

घरी मी बाबांना सांगितलं. खेळ त्यांना समजला नाही, ऑर्क तर अजिबातच नाही. पण सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तू त्याना घर जेवना व्हता ना?" त्याच्या घरी तू जेवला होतास ना. मी हो म्हणालो. ते पाळीला निघून गेले.

शनिवारी मी काकूंकडे जाणं बंद केलं. हिवाळा तसाच गेला.

मे महिन्यात ताई आली, आणि मामाने पाठवलेलं एक नवं पुस्तक घेऊन आली. "बघ, ऑर्क बदललेत," ती म्हणाली. खरंच बदलले होते. डुकराचं तोंड गेलं होतं. चित्रात एक ऑर्क बाई पोर कडेवर घेऊन उभी होती. त्यांना भाषा होती, देव होते, मेलेल्यांसाठी गायची गाणी होती. आता खेळणारा स्वतः ऑर्क होऊ शकत होता. स्वभावाच्या रकान्यात दुष्ट होतंच, पण त्याच्या आधी 'बहुधा' आलं होतं. ताई म्हणाली, तिकडे लोकांनी म्हणे पत्रं लिहिली, वाद घातला, की एक अख्खी जात जन्मतःच दुष्ट कशी असेल.

मला इतका आनंद झाला की मी ते पुस्तक शर्टात घालूनच घरी आणलं. वाटलं, आता सगळं नीट होईल. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आम्ही दोघं एकाच बसने परत येत होतो. दोघंही पास झालो होतो. मी मागे गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो. पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"बघ. आता बदललंय सगळं."

त्याने सावकाश पानं उलटली. त्या बाईच्या चित्रावर थांबला. मग रकान्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"बहुधा दुष्ट. म्हणजे सगळेच नाही."

"म्हणजे एखादा चांगला निघाला तर नशीब," तो म्हणाला आणि थोडा हसला. कित्येक महिन्यांनी. "आमच्या जातीच्या दाखल्यावर पण रकाने असतात. कोणी लिहिलंय हे?"

"अमेरिकेत कोणीतरी."

"मग त्याचं बदललं. बरं झालं. तुझ्या वहीतलं?"

बस एका वळणावर खूप हळू झाली, समोर बैलगाडी असावी.

"चुकलं माझं," मी शेवटी म्हणालो. "मी ते पान फाडतो."

"फाडू नको." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता, त्यामुळे मला अर्धं ऐकू येत होतं आणि अर्धं समजून घ्यावं लागत होतं. "चांगलं लिहिलं होतंस. सापळा कुठल्या भिंतीला आहे तेसुद्धा. दोन दिवसांत तू एवढं बघितलंस. मला बरं वाटायला पाहिजे होतं."

"पुस्तकात दुष्ट लिहिलं होतं, म्हणून..."

"पुस्तकात घर नव्हतं, मास्तर. घर तू घातलंस."

एखादं जंगल भरायचं आहे आणि माझ्याकडे एकच सुंदर जागा आहे, तर मी ती कोणाला दिली? चित्रातल्या डुकरांना. त्यात मला काही खटकलंसुद्धा नव्हतं. बाण सोडायला मी त्यालाच सांगत होतो, त्याच्याच दारावर. हे मी त्याला त्या वेळी सांगू शकलो नाही. फक्त म्हणालो, "मला माहीत नाही मी असं का केलं. खरंच माहीत नाही."

त्याने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. सिल्वासा जवळ आलं तेव्हा म्हणाला, "ताई आहे अजून?"

"आहे. जूनपर्यंत."

"शनिवारी येतो. पण मी सांगणार. तुम्ही खेळायचं."

तो आला. पडदा धुऊन फिका झाला होता, त्यामुळे खोलीत उजेड पांढुरका होता, ढगात बसल्यासारखा. पुस्तक त्याने उघडलंच नाही. नवंही नाही. डोळे मिटले आणि म्हणाला, "ओढा ओलांडला. पुढे झाडं आहेत."

"गाव दिसतंय का?" ताईने विचारलं.

"नाही. पानं दिसतात."

"किती ऑर्क असतील आत?"

"मोजायला आलात?"

ताई हसली. काकू म्हणाल्या, "थांबा, माझा बुढ्ढा दिव्याचा मंत्र टाकतो." त्यांनी फासा टाकला, अठरा आले. त्या खूश झाल्या.

"दिवा लागला," मित्र म्हणाला. "आता तुम्ही त्यांना दिसताय."

काकूंचा चेहरा उतरला. "विझवता येतो का रे?"

"मंत्र तुमचा आहे काकू."

त्याने गावाबद्दल काही सांगितलं नाही. वाऱ्याबद्दल सांगितलं, पाखरं कशी एकदम गप्प झाली ते सांगितलं. आम्ही पुढे जायचं म्हटलं की पानं दाट व्हायची. ताईने नकाशा काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कोणी घाई करत नव्हतं. बाहेर उन्हात सगळी आमली झोपली असावी. मला वाटायला लागलं की आपण खरंच कुठल्यातरी रानाच्या कडेला उभे आहोत आणि आतून कोणीतरी आपल्याकडे पाहतंय. त्यांना आपण कसे दिसत असू? लोखंड घातलेले, मोठ्याने बोलणारे, दिवा घेऊन आलेले तीन जण.

"मी तलवार खाली ठेवतो," मी म्हणालो.

"खाली कुठे?"

"म्हणजे... लांब. मागच्या झाडाला टेकवून."

"आणि?"

"बसतो."

"बस मग."

तो थांबला. मीही थांबलो. काकूंनीही हातातला फासा बाजूला ठेवला.

"पानं हलतात," तो सावकाश म्हणाला. "एक म्हातारा ऑर्क येतो. समोर बसतो. जवळ नाही, थोडा लांब. तो विचारतो, कुठून आलास?"

माझ्या तलवारवाल्याला एक गाव होतं, पुस्तकातलं, अवघड नावाचं. ते मला आठवलं नाही. मी म्हणालो, "धुळ्याकडून. बाबा इथे कारखान्यात आहेत."

ताई खुदकन हसली. मित्र हसला नाही. तो त्या म्हाताऱ्यासारखाच बसला होता, पाठ थोडी वाकवून.

"म्हातारा म्हणतो, लांबून आलास. मग तो काही बोलत नाही."

"मग आम्हाला आत घेतो का?" काकूंनी विचारलं.

"ठरवतोय."

सव्वापाच झाले होते. त्याने फासे पेटीत भरले, झाकण लावलं. मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो. त्याने नको म्हटलं नाही. रस्त्यावर पाळी सुटलेल्या सायकलींची गर्दी होती, त्यातून आम्ही बाजूबाजूने चाललो होतो. खानवेलची बस लागली होती. विचारू की नको असं करत मी शेवटी विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील ना?"

त्याने एक पाय पायरीवर ठेवला होता.

"म्हातारा तिथेच बसलाय ना," तो म्हणाला. "त्याला एकट्याला कसं सोडू?"